सहभागी क्रमांक चार

वैजू गेली त्याच्या आधीच्या शनिवारी तिनं मला शेवटचं विचारलं, "अण्णा, कागद वाचलात का?" तिची खाट आम्ही खालच्या बैठकीच्या खोलीत आणली होती, म्हणजे तिला मागचं अंगण दिसायचं. आवाज इतका बारीक झाला होता की मी खुर्ची खाटेला लावून बसत असे. मी नेहमीचंच बोललो. "तू बरी हो, उठून बस, मग वाचतो आणि सहीही करतो." ती हसली. हसायलासुद्धा तिला जोर लावावा लागत होता. म्हणाली, "लाच देताय होय मला?" मी म्हटलं, "होय, देतोय. घे." तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण जरा वेळानं मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "आग्रह करायचा नाही असा नियम आहे, म्हणून करत नाही हं…" नंतर चार दिवसांनी, बुधवारी सकाळी, ती गेली. तिला अठ्ठेचाळीस पुरी झाली नव्हती. मी ऐंशीचा आहे, आणि हे लिहायला मी उरलोय.

त्याला आता सहा आठवडे झाले. मी दत्तात्रय, कराडला पन्नास वर्षं शिंपीकाम केलं. शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचतो, लिहितो, सावकाश. इंग्रजी येत नाही आणि आता शिकणारही नाही. हे मी वहीत स्वतःच्या हातानं लिहितोय, माझे जावई श्रीकांतराव ते टाइप करून छापायला पाठवतील. त्यांना सांगून ठेवलंय, माझं वाक्य नीट करायचं नाही.

तो कागद कसला, ते आधी सांगतो. वैजू म्हणजे माझी एकुलती मुलगी वैजयंती. इथं अमेरिकेत, ॲन आर्बरला विद्यापीठात शिकवायची. उत्तरेकडचे जे थंड देश आहेत, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, त्यांचे सिनेमे आणि टीव्हीच्या मालिका हा तिचा अभ्यास. त्या अभ्यासासाठी तिनं दीड वर्ष माझं बोलणं रेकॉर्ड केलं. ते पुस्तकात छापायचं तर माझी लेखी संमती लागते. सही नसेल तर तो भाग पुस्तकातून काढायचा आणि रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, असा विद्यापीठाचा कायदा. दीड वर्षाचे आम्हा दोघांचे आवाज त्यात आहेत. आणि मी सही करत नव्हतो. आधी रागानं, नंतर भीतीनं. त्या दोन्हींचा हा जबाब.

लहानपणी ती शाळेतून थेट दुकानात यायची. मी कापड बेतत असलो की टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करायची, आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की टेबलाखालून विचारायची, "अण्णा, हे काका रडून आले होते का?" मी म्हणायचो, "तुला काय ठाऊक?" तर म्हणायची, "एकच चप्पल सारखी घासत होते." खालून तिला माणसांचे पायच दिसायचे, त्यावरून ती माणूस ओळखायची. आठ वर्षांची असताना मी तिला बटणाचं काज करायला शिकवलं. एकदा हातात घेतलं की पुरं केल्याशिवाय उठायची नाही. तिची आई जेवायला हाका मारून दमायची. ही सुई दातात धरून म्हणायची, "आले, एवढं एक." अर्धवट काम टाकून उठलेली मी तिला कधी बघितली नाही. हे लक्षात ठेवा, कारण याच गोष्टीनं पुढं माझं डोकं फिरवलं.

पुण्यात बीए झाली आणि म्हणाली, सिनेमाचा अभ्यास करायचा. मी म्हटलं, सिनेमा बघायला कॉलेज लागतं का? मग म्हणाली, डेन्मार्कला जायचंय, दोन वर्षं, तिथली भाषा शिकायला. मी तिच्याशी बोलणं टाकलं. एसटी स्टँडवर पोचवायलासुद्धा गेलो नाही, आईच गेली. तिनं डेन्मार्कहून पत्रं पाठवली ती आईच्या, कुसुमच्या नावानं. कुसुम ती मोठ्यानं वाचायची आणि मी मशीन जोरात चालवायचो. पण पाय मधेच थांबायचा, ते कुसुमला कळायचं. ती तेवढीच ओळ परत वाचायची.

कुसुम गेल्यावर वैजूनं मला इथं आणलं. त्याला तीन वर्षं झाली. पहिल्याच दिवाळीला मराठी मंडळाच्या जेवणाला गेलो. तिथं एक डॉक्टर भेटले, पन्नास वर्षांपूर्वी आलेले, आता रिटायर. कागदाच्या ताटलीत चकल्या घेऊन शेजारी बसले.

"काय दत्तोपंत, मुलगी काय करते?"

"प्रोफेसर आहे."

"अरे वा, मेडिकलला?"

"नाही. डेन्मार्क, नॉर्वे या देशांचा टीव्ही, सिनेमा, त्याचा अभ्यास."

"म्हणजे टीव्ही बघायचा पगार मिळतो? मग आमची मिसेस एव्हाना डीन व्हायला हवी होती!"

सगळं टेबल हसलं. मीपण हसलो. वैजू समोरच पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. तीही हसली, आणि सगळ्यांना पाणी दिलं. गाडीत बसल्यावर मागं न बघता म्हणाली, "ते हसले त्याचं काही नाही अण्णा. तुम्ही का हसलात?" मी खिडकीबाहेरचं बर्फ बघत बसलो.

तिचं काम काय ते मला पुढच्या हिवाळ्यात कळलं. बसा म्हणाली, टीव्ही बघायचाय. मी म्हटलं, मला त्यांची भाषा येत नाही आणि खालची इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. तर म्हणाली, "म्हणूनच बसा." तिचं म्हणणं असं की या मालिका आता जगभर जातात, आणि त्यांच्यावर लिहिणारे सगळे शिकलेले, ते सबटायटल वाचतात आणि वाचता वाचता अर्धं चित्र त्यांच्या डोळ्यांतून निसटतं. पण घराघरांत अशी माणसं आहेत, आयाबाया, म्हातारे, साफसफाई करणारे, की ज्यांच्यासमोर हा टीव्ही चालू असतो आणि त्यांना एक अक्षर कळत नाही. ती काय बघतात? त्यांना कुणी कधी विचारलंच नाही. तिनं अशी सात माणसं निवडली होती. मी म्हटलं, "माझी परीक्षा घेतेस होय? अडाणी बापाची गंमत लोकांना दाखवायची?" ती म्हणाली, "परीक्षा माझी आहे अण्णा. वीस वर्षं मी हे बघतेय. मला काय दिसलं नाही ते तुम्ही सांगायचं."

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी तीनला आम्ही बसायचो. एकेक भाग चार-पाच शनिवार पुन्हा पुन्हा बघायचा, मग पुढचा. आवाज चालू, खालची अक्षरं बंद. तिचा छोटा रेकॉर्डर मधे, चहाच्या कपाजवळ. मालिका एका लहान बंदराच्या गावातली. शाळेचा एक मास्तर पाण्यात बुडून मरतो आणि एक पोलीसबाई शोध घेते. माणसं फार बोलत नाहीत. एकेक जण खिडकीशी उभा राहून बाहेर बघतो, आणि मिनिटभर काही होत नाही. मला आधी वाटलं मशीन बिघडलं. वैजू म्हणाली, "तिकडं घरात गप्प बसणं म्हणजे भांडण नव्हे अण्णा." मी म्हटलं, "आपल्याकडं असतं." ती म्हणाली, "ते मला माहीत आहे."

दुसऱ्या भागात मेलेल्या मास्तराचा भाऊ येतो. उंच माणूस, अंगात काळा लोकरीचा कोट. मी म्हटलं, "थांबव. हा कोट ह्याचा नव्हे." तिनं थांबवलं. "कशावरून?" मी म्हटलं, "बाही बघ. बाही सोडलीय, आत मुडपलेलं कापड उलगडून लांब केलीय. जुन्या मुडपीची रेघ दिसतेय मनगटापाशी, लोकरीवरून ती कितीही इस्त्री केली तरी जात नाही. हा आखूड हाताच्या माणसासाठी शिवलेला कोट आहे. ह्यानं भावाचा कोट घातलाय. म्हणजे त्याला मारलं ह्यानंच." वैजू टीव्हीजवळ गेली, गुडघ्यांवर बसली, बोट लावून बघितलं. म्हणाली, "अण्णा, मी हे अकरा वेळा बघितलंय…"

तिनं डेन्मार्कला त्या मालिकेचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंना पत्र पाठवलं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं, तो कोट जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणला, नट उंच निघाला, शूटिंगच्या सकाळी घाईत बाही सोडली, आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गोष्टीत त्या कोटाचं काही नव्हतंच. मला राग आला. म्हटलं, "म्हणजे मी चुकलो." वैजू घरभर नाचत होती. "चुकलात कुठं? सगळे गोष्ट बघतात. तुम्ही त्या सकाळी घाईनं बाही सोडणारी बाई बघितलीत! अण्णा, पडद्यामागं ती माणसं असतात, ती कुणाला दिसत नाहीत, त्यांच्यावर मी एक आख्खं प्रकरण लिहिणार." आणि लिहिलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझी मुलगी टीव्ही बघत नाही, काम करते. हे मी तिला बोलून दाखवलं का? नाही. म्हटलं, "चहा टाक."

मागच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे इथं पानं लाल होतात तेव्हा, तिनं त्या प्रकरणातलं पहिलं पान मला मराठीत वाचून दाखवलं. फार आनंदात होती. "सहभागी क्रमांक चार. पुरुष, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी…" मी तिथंच थांबवलं. विचारलं, हे कोण? म्हणाली, तुम्हीच की. नियम आहे, अभ्यासातल्या माणसांची नावं लपवायची, त्यांना त्रास होऊ नये म्हणून.

मी म्हटलं, "मी काय चोरी केलीय? नाव चोराचं लपवतात."

"अण्णा, सगळ्यांचंच असं असतं."

"नाव चालत नाही, आणि चौथी चालते? चौथी तेवढी जगाला कळू दे?"

मी काही गप्प झालो नाही. पन्नास वर्षं मी शिवलेल्या प्रत्येक कोटाच्या आत, कॉलरखाली, 'दत्तू टेलर, कराड' अशी पट्टी लावलीय. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी लावलीय. नाव लावायचं नसेल तर दुसरीकडं शिवा, असं मामलेदाराला सुनावलंय. आणि माझ्या मुलीच्या पुस्तकात मी नंबर? कैद्याला असतो तसा? बरंच बोललो. शेवटी म्हणालो, "मी सही करणार नाही. पूस माझं सगळं." आणि खोलीत गेलो. पाच शनिवार मी बाहेर आलो नाही. ती तीन वाजता दाराशी यायची, "अण्णा, चहा ठेवलाय," म्हणायची आणि जायची.

सहाव्या आठवड्यात तिनं माझ्या शिलाईच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. "नवा कागद आहे. मराठीत केलाय, मोठ्या अक्षरांत. वाचा." मी म्हटलं, "तूच सांग काय आहे ते." ती म्हणाली, "न वाचता सही करायची नाही, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच वाचा, तुम्हीच ठरवा. मी काही बोलले तर तो आग्रह होतो." मला वाटलं, तोच कागद, फक्त भाषा बदलून. मी पाकीट कात्रीच्या खणात टाकलं. ती बघत होती. तिच्या तोंडावर तेव्हा काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. हट्टी बापाची हट्टी लेक. दोघांपैकी एक जण जरी अर्धी पायरी उतरला असता…

जानेवारीत तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं पित्त. बर्फात बसची वाट बघत उभी राहते, थंडी बसली असेल, मी ओव्याचं पाणी दिलं. महिन्याभरात डॉक्टरांनी सांगितलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलाय. श्रीकांतरावांनी मला स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं, इंग्रजीतच, आणि मग मला कळलं नाही हे लक्षात येऊन पुन्हा मराठीत. दुसऱ्यांदा सांगताना त्यांना ते जमेना.

भांडणापासून आमचं शनिवारचं बसणं बंद होतं, पण त्या शनिवारी तीन वाजता मीच जाऊन बसलो. ती खाली आली, मला बघितलं, रेकॉर्डर मधे ठेवला. आम्ही राहिलेले भाग सुरू केले. औषधांनी कधी तिला बसवायचं नाही, मग अर्धाच भाग. कधी दोन दोन शनिवार काही नाही. मी काही सांगितलं की "कशावरून?" विचारायची, ते शेवटपर्यंत.

आणि इथून माझी भीती सुरू होते. मला एकदा मशीनवर बसलेलं असताना वाटून गेलं, की ही पोरगी अर्धवट काम टाकून कधी उठलेली नाही. पुस्तकातलं सगळं झालंय, फक्त माझी सही अडलीय. ती सही मी देतच नाही, तोवर ही जाणार कशी? एकदा वाटलं ते वाटलंच. डोक्यातून जाईना. मग मला त्या कागदात काय आहे ते बघायचंच नव्हतं. वाचला आणि मन वळलं तर? म्हणून मी 'बरी हो, मग करतो' म्हणत राहिलो. तिला वाटलं असणार, म्हाताऱ्याचा राग अजून गेला नाही. मी तिला वाटू दिलं. खरं सांगायला तोंड उघडायचं म्हणजे 'तू जाशील' हे तिच्यासमोर म्हणायचं, ते माझ्यानं झालं नाही.

मे महिन्यात श्रीकांतराव माझ्या खोलीत आले. नागपूरचा माणूस, आठ वर्षांत माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता. म्हणाले, "अण्णा, वाचून घ्या न एकदा. तिला शांत वाटेल न. काय होतंय एका साइननं? करून टाका न यार!" मग स्वतःच दचकले. "सॉरी अण्णा. म्हणजे… सॉरी." मी म्हटलं, "ती बरी झाली की करणार आहे." त्या दिवशी त्यांना बहुतेक कळलं मी काय करतोय ते, कारण खाली वाकून त्यांनी माझ्या पायापाशी पडलेला दोरा उचलला, रीळावर गुंडाळला, आणि गेले. परत कधी त्यांनी विषय काढला नाही.

काही उपयोग झाला नाही. जूनमधल्या त्या बुधवारी सकाळी घरी येणाऱ्या नर्सनं तिची नाडी बघितली, उठून खिडकी उघडली, तेव्हा मला कळलं. काम अर्धवट होतं, तरी वैजू उठून गेली.

मागच्या आठवड्यात सिग्रिड आली होती. वैजूच्याच डिपार्टमेंटला शिकवते, मूळची नॉर्वेची, उंच बाई. दारात बूट काढले, आणि सोफ्याच्या कडेवर बसली. श्रीकांतराव मधे बसून मराठी करून सांगत होते. पुस्तक ती छापून घेणार आहे. पण ज्यात रेकॉर्डिंग ठेवलंय ते वैजूचं विद्यापीठातलं कॉम्प्युटरचं खातं या महिनाअखेर बंद होतंय. त्याआधी सही आली तर ठीक, नाहीतर क्रमांक चारचं सगळं पुसावं लागेल. मग तिनं विचारलं, तुम्ही कागद वाचलात का? मी मान हलवली, नाही. ती श्रीकांतरावांकडं बघून हळू काहीतरी बोलली. मी म्हटलं, "काय म्हणतेय ती? सांगा."

"अण्णा, ती म्हणतेय… युनिव्हर्सिटीची जी कमिटी हे रूल ठरवते न, वैजू तिच्यापुढं तीनदा गेली होती. तुमच्यासाठी. रूल चेंज करायला."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. तिनं प्रॉमिस घेतलं होतं अण्णा. म्हणाली, त्यांना स्वतः वाचून ठरवू दे. कुणी ढकललं असं त्यांना वाटायला नको."

मी खणातून पाकीट आणलं. त्यांच्यासमोरच फोडलं. चार पानं, मोठी अक्षरं, चौथीच्या पुस्तकात असतात तेवढी. मी सावकाश वाचलं, आणि दोघं तेवढा वेळ बसून राहिली.

'या अभ्यासात भाग घेणं पूर्णपणे तुमच्या इच्छेवर आहे.' बरं. 'तुम्ही कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, माघार घेऊ शकता. त्यामुळे तुमच्या आणि संशोधकाच्या संबंधांत काहीही फरक पडणार नाही.' इथं मी जरा थांबलो. पाच शनिवार मी खोलीत बसलो होतो, आणि तिनं दर शनिवारी चहा ठेवला होता. 'काही प्रसंग पाहताना मन उदास होऊ शकतं. तसं झाल्यास थांबा आणि संशोधकाला सांगा.' कुणाला सांगू? 'शंका असल्यास संशोधकाला विचारा', आणि खाली तिचं नाव, तिच्या ऑफिसची खोली, तिचा फोन… शंका मला पुष्कळ आहेत.

शेवटच्या पानावर चौकोन होते. एक, 'माझं नाव गुप्त ठेवावं.' दुसरा, 'माझं खरं नाव छापावं.' त्याच्याखाली, 'नावापुढे काय छापावं', आणि दोन चौकोन, शिक्षण आणि व्यवसाय. एवढ्यासाठी ती त्या पाच आठवड्यांत तीनदा कमिटीकडं गेली होती, मी खोलीत रुसून बसलेला असताना. आणि संशोधकाच्या जागी तिची सही झालेली होती. ज्या दिवशी पाकीट ठेवलं त्या दिवसाचीच तारीख. म्हणजे तिनं आपलं काम अर्धवट टाकलं नव्हतंच. तिचं त्याच दिवशी पुरं झालं होतं. राहिलं होतं ते माझं.

मी सगळा वेळ ज्या धाग्यानं तिला बांधून ठेवलंय समजत होतो, तो तिच्या बाजूनं बांधलेलाच नव्हता. आणि मी वाचलं असतं, तर शेवटचे सहा-सात महिने ती समाधानानं झोपली असती… आणखी लिहीत नाही.

पेन श्रीकांतरावांनी दिलं. खरं सांगतो, तेव्हाही हात पुढं होईना. ती गेली, राख झाली, तरी मनाला वाटत होतं की सही झाली की आता खरोखरच काही उरणार नाही. मग मी खऱ्या नावाच्या चौकोनात खूण केली. व्यवसायावर केली. आणि शिक्षणावरही केली. सिग्रिडनं भुवया उचलल्या, तर म्हटलं, तिला सांगा, नाव छापताय ना, मग चौथीही छापा. नाव असलं की मला कशाची लाज नाही. सही केली, तारीख घातली. तिच्या तारखेच्या शेजारी माझी. मधे बोटभर जागा आहे.

सिग्रिडनं डोळे पुसले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "अण्णा." तिला तेवढंच मराठी येतं. कागदाची एक प्रत माझ्याकडं ठेवून गेली. नियमच आहे तसा, एक प्रत सहभागी माणसानं ठेवायची.

शनिवारी तीन वाजता मी अजून टीव्हीसमोर बसतो. मालिकेचे भाग आठ. आमचे सात झाले. आठव्यात सगळं कळतं म्हणतात, मास्तराला कुणी बुडवलं ते. वैजूला ठाऊक होतं, कधी सांगितलं नाही, तुम्हीच सांगा म्हणायची. परवाच्या शनिवारी श्रीकांतराव खाली आले, चहाचा कप ठेवला आणि रिमोट हातात घेऊन म्हणाले, "अण्णा, लास्टवाला लावू?" मी नको म्हटलं. सही केली, पण एवढा हट्ट मी ठेवून घेतलाय. त्यांनी आग्रह केला नाही. पहिल्यापासून लावून दिलं, खालची अक्षरं बंद केली, आणि खुर्ची ओढून मागं बसले. पहिल्या भागात धुकं आहे, होड्या बांधून ठेवल्यात, आणि मास्तर अजून जिवंत आहे. कोटाची बटणं लावत तो पुलावरून शाळेकडं चाललाय.